बादलीपुराण

संध्याकाळच्या कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात घाटकोपर ते अंबरनाथ या पट्ट्यात जेवढा ओला कचरा शास्त्रशुद्ध वेगळा होतो, तेवढा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुठे होत नसेल. मेथीची जुडी मांडीवर येते. पानं एका पिशवीत, देठं दुसरीत. मटार सोलले जातात, दाणे डब्यात, सालं वेगळी. गवारीच्या शिरा ओढून बाजूला. एखाद्या नवख्या मुलीनं जून देठ पानांत टाकलं, तर समोरची अनोळखी बाई "अगं, ते नको" म्हणत तिच्या पिशवीत हात घालून ते बाहेर काढते. हे सगळं चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं बसून, काखेत पर्स आणि डोक्यावर दुसरीची ओढणी असताना. बदलापूर गेलं की पिशव्यांना गाठी पडतात.

आता आमच्या वांगणीला उतरल्यावर त्या देठांच्या पिशवीचं काय होतं बघा. घरी गेल्यावर गाठ सुटते. आत वेफर्सचं रिकामं पाकीट जातं, गोळ्यांची संपलेली पट्टी जाते, बाळाचा डायपर जातो, फुटलेल्या बशीचे दोन तुकडे जातात आणि गाठ पुन्हा बसते. मग ती पिशवी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून इमारतीच्या पिंपाकडे भिरकावली जाते. नेम बसला तर पिंपात, नाहीतर पिंपाशेजारी. घाटकोपरला वेगळं झालेलं सगळं वांगणीला गुण्यागोविंदानं एकत्र नांदू लागतं.

तेव्हा प्रश्न अकलेचा नाही, हे आधीच सांगून टाकते. उपासाला काय चालतं आणि काय नाही हे ज्या घरांना तोंडपाठ आहे, त्यांना दोन बादल्या जड जाव्यात हे मला पटत नाही. साबुदाणा चालतो, पोहे चालत नाहीत. वरी चालते, साधे तांदूळ चालत नाहीत. मिरची चालते, हळद चालत नाही. कोथिंबिरीचं तर घराघराचं वेगळं शास्त्र. मटणाचं पातेलं, लोणच्याचा चमचा, देवाचं तबक, पाहुण्यांचे कप, मोलकरणीचा कप (हो, तोही) यांची सरमिसळ कधी झालेली कोणी पाहिली आहे का? वेगवेगळं ठेवणं हा तर आपल्या हातचा मळ. फक्त ती वस्तू आपली असेपर्यंत. कचरा झाला की ती वस्तू आपली राहत नाही, सोसायटीची होते. आणि सोसायटीची म्हणजे कोणाचीच नाही, हे सहकार चळवळीचं खरं तत्त्व लहान मुलालाही ठाऊक असतं.

वांगणी म्हणजे अजून पुरतं शहर नाही आणि आता पुरतं गावही उरलेलं नाही. कारभार ग्रामपंचायतीचा, इमारतींची नावं मात्र परदेशी. खगोलप्रेमी मंडळी काळोखं आकाश बघायला म्हणून मुंबईहून वर्षानुवर्षं इथे रात्रीच्या मुक्कामाला येत आली आहेत. ती कोट्यवधी मैलांवरचा मंगळ कुठला आणि ज्येष्ठा कुठली हे बोट दाखवून सांगतात. इथे चार फुटांवरची केळ्याची साल आणि केचपची पुडी यांत फरक करायला समिती नेमावी लागते.

या गावाला पूर्वी कचऱ्याचा प्रश्न नव्हता, कारण उकिरडा होता. गोठ्यामागे खड्डा, त्यात शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठं. वर्षाकाठी खत शेतात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, पण आमच्या उकिरड्याचं नशीब उलटं फिरलं. त्याच्यावर स्टिल्ट पार्किंग आलं. आता आम्ही चौथ्या मजल्यावरून सालं खाली टाकतो, आणि रविवारी रिक्षा करून नर्सरीत जातो. वांगणीच्या आसपास रोपवाटिका भरपूर. तिथून कुंडीतल्या तुळशीसाठी गांडूळखताची छापील पिशवी आणतो. ती पिशवी कशाची बनते, हा विचार रिक्षात कोणाच्या मनात येत नाही. खत तुळशीला घालून रिकामी झालेली प्लास्टिकची पिशवी मग पुन्हा त्या पिंपात.

तर आमच्या सोसायटीत बादल्या आल्या त्याची गोष्ट. कमिटीनं प्रत्येक फ्लॅटला एक हिरवी आणि एक निळी अशा दोन बादल्या फुकट वाटल्या आणि जिन्यात नोटीस लागली: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ओला कचरा हिरव्या बादलीत व सुका कचरा निळ्या बादलीत टाकणेचे करावे. कसूर केल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल याची नोंद घ्यावी." नोंद सगळ्यांनी घेतली. बादल्याही घेतल्या. आठवड्याभरात त्यांचा माग काढला तर हिरव्या बहुतेक बाथरूममध्ये सापडल्या. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या इमारतीत सोळा लिटरची चांगली बादली कचऱ्याला द्यायला माणूस काय वेडा आहे? निळ्यांपैकी काहींत तांदूळ होते, एकीत क्रिकेटची बॅट आणि स्टंप, एकीत कोरफड लावली होती आणि ती छान फुटली होती.

ज्यांनी बादल्या खरोखर कचऱ्याला वापरल्या, त्यांच्या अडचणी वेगळ्या. त्या शंका घेऊन सेक्रेटरींच्या दारात उभ्या राहू लागल्या. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, नियमाचा माणूस. करवंटी ओली की सुकी? नारळ ओला, खोबरं ओलं, मग करवंटी सुकी कशी? पण खतात तर ती वर्ष वर्ष तशीच पडून राहते. पावसात भिजलेला पुठ्ठा कुठे? जुलैत वांगणीत भिजलेलं नाही असं काय असतं. अंगावरचा टॉवेलसुद्धा हिरव्या बादलीच्या लायकीचा असतो. अंड्याचं टरफल? चहाचा चोथा ओला, पण टी-बॅगच्या दोऱ्याला असलेली पिन? झाडलोटीचा केर? दोनशे चारमधल्या काकूंनी सुक्या बोंबलांची मुंडकी निळ्या बादलीत टाकली. का, तर ते सुके आहेत. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, कुजतं ते ओल्यात." काकू म्हणाल्या, "बोंबील कुजत नाही म्हणून तर सुकवतात!" सेक्रेटरींनी दोन दिवस विचार केला. तोवर बोंबलांनी आपली बाजू स्वतःच मांडली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ती सर्वांना पटली.

सगळ्यात कठीण मामला निर्माल्याचा. झेंडू, दूर्वा, बेल: कुठल्याही गणितानं हा ओला कचरा. पण देवाला वाहिलेलं फूल बटाट्याच्या सालीबरोबर टाकायचं? कल्पनाही करवत नाही. म्हणून ते स्वतंत्र, स्वच्छ, नव्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून, पिशवीला नमस्कार करून, स्कूटरवरून उल्हास नदीच्या पुलापर्यंत नेलं जातं आणि पिशवीसकट सोडलं जातं. ती नदी राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळकडून आपल्या शेजारून खाली जाते, आणि बदलापूरच्या बॅरेजवर तिचं पाणी उचलून बदलापूर-अंबरनाथची माणसं पितात. म्हणजे आपण अर्पण केलेला प्रसाद शेजारच्या गावाला तीर्थ म्हणून मिळतो. नदी मात्र हिशेबाची पक्की. २७ जुलै २०१९ला ती पात्र सोडून रुळांवर आली, बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. पाणी ओसरल्यावर झुडपांच्या फांद्यांना लटकलेल्या पिशव्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना आपलं दान परत आल्याचं कळायला हवं होतं. त्या सगळ्या एकाच जातीच्या होत्या. नदीनं छान वर्गीकरण केलं होतं.

भंगारवाल्याचं मात्र नाव घ्यावं लागेल. रविवारी सकाळी त्याची हाक आली की इमारतीचं रूप पालटतं. एरवी ओलं-सुकं न कळणारी माणसं पुठ्ठा वेगळा, मराठी पेपर वेगळा, इंग्रजी वेगळा (त्याला दर जास्त), बिअरच्या बाटल्या जरा आडोशानं, तेलाचे डबे धुऊन, पितळ तर हातात वजन करून खाली उतरतात. काटा मारतोय का म्हणून तिघी जणी त्याच्या तराजूवर डोळे रोखून. ज्याला भाव आहे ती वस्तू वांगणीच्या रस्त्यावर कधी पडलेली दिसत नाही. दुधाच्या पिशव्या दिसतात. २०१९मध्ये विधानसभेत मंत्र्यांनी सांगितलं होतं की दुधाची रिकामी पिशवी परत केली की ५० पैसे मिळतील. आमच्या इमारतीत दुसऱ्याच दिवशी पिशव्या धुऊन दोरीवर वाळत पडल्या होत्या. पन्नास पैसे काही आले नाहीत, पिशव्या पुन्हा पिंपात गेल्या. तरी त्या दोरीवरच्या पिशव्या बघून माझी खात्री झाली की समाजप्रबोधनाचा खर्च पिशवीमागे आठ आणे आहे.

नियम म्हणाल तर ते नवे नाहीत. १९९४ला सुरतेत प्लेग आला, देश हादरला. १९९६ला अल्मित्रा पटेल नावाच्या बाई कचऱ्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०००मध्ये पहिले नियम झाले. २०१६मध्ये ते बदलून ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करा असं सांगण्यात आलं. आमच्या सेक्रेटरींना हा सगळा इतिहास पाठ आहे आणि ते तो लिफ्टमध्ये सांगतात. लिफ्ट अडकली तर पूर्ण.

बरं, हे जमतच नाही असंही नाही. कोकणात वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेनं कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा केला. जिथे कचऱ्याचे डोंगर होते ती जागा एवढी नीटनेटकी झाली की लोक ती बघायला सहलीला येऊ लागले. पुढे हेच कोकरे कर्जतला आले. म्हणजे शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत; आमच्यापासून चार स्टेशनं. मग ते कल्याण-डोंबिवलीला गेले. कर्जतहून कल्याणला जाताना वांगणी मधे लागते, पण त्यांची बदली बहुधा एक्सप्रेसनं झाली. जपानात कामिकात्सू नावाचं डोंगरातलं एक गाव आहे, तिथली माणसं कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात आणि स्वतः केंद्रावर नेऊन देतात. हे मी एका सभेत सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "त्यांना लोकल पकडायची नसते." कोरियात तर इमारतीच्या खालच्या डब्यासमोर कार्ड धरावं लागतं, झाकण उघडतं, उरलेल्या अन्नाचं वजन होतं आणि तेवढं बिल लागतं. शिवाय तिथे कोंबडीचं हाड अन्नाच्या कचऱ्यात चालत नाही, कारण त्याचं जनावरांसाठी खाद्य करतात आणि त्यांना हाड खाता येत नाही. आमच्याकडे ते यंत्र बसवलं, तर पहिल्या महिन्यात प्रत्येक जण शेजाऱ्याचं कार्ड शोधेल.

आमची पद्धत देशी आहे. पिंपाशेजारी बेवारस पिशवी सापडली की कमिटीतले एक जण, हातात दोन जुने मोजे घालून, तिचा पंचनामा करतात. कांद्याची सालं बाजूला सारत ते शेवटी कुरिअरच्या पाकिटावरच्या चिकटपट्टीपर्यंत पोचतात. तिच्यावर नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल. फोटो ग्रुपवर. "तीनशे दोन, हे आपलेच ना?" मग तीनशे दोनचं उत्तर: "पाकीट माझं आहे, कचरा माझा कशावरून?" यावर कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांसकट सगळी इमारत रात्री बारापर्यंत बोलते. त्या चर्चेतून निघालेली एकच गोष्ट टिकली: आता सगळे जण टाकण्याआधी पाकिटावरचं नाव काळजीपूर्वक फाडून वेगळं करतात. एवढं वर्गीकरण तरी शंभर टक्के झालं.

तळमजल्यावर एक काका राहतात. त्यांना दिसत नाही. वांगणीत अशी कुटुंबं पुष्कळ आहेत. लोकलमध्ये साखळ्या, पेनं, कार्डाची कव्हरं विकून ती संसार चालवतात. बादल्यांच्या सभेत काकांनी विचारलं, "हिरवी म्हणजे नेमकी कुठली?" सभा गप्प. नोटीस रंगानं लिहिलेली, आणि ती सुद्धा कागदावर. काका घरी गेले, एका बादलीच्या कडीला सुतळी बांधली, झालं. काका विकायचा माल बोटांनी ओळखतात, कचराही तसाच हातात घेऊन मगच टाकतात. "वाजतं ते सुकं, लिबलिबतं ते ओलं," एवढाच त्यांचा नियम. सेक्रेटरींनी तो नोटिशीत घ्यायला हवा होता, पण "लिबलिबणे" हा शब्द लेटरहेडवर बरा दिसणार नाही असं ठरलं. काका आता कचरा समितीवर आहेत आणि भयंकर कडक आहेत. पिशवी हातात घेऊन, हलवून, "यात काच आहे, परत न्या," म्हणतात. त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही.

यानंतर खताचा प्रयोग झाला. कुंपणाच्या भिंतीशी भोकं पाडलेली दोन मोठी पिंपं ठेवली. वरून ओला कचरा, त्यावर सुका पाला, पुन्हा ओला, पुन्हा पाला. विरजण म्हणून जवळच्या गोठ्यातलं शेण आणि आंबट ताक. आठ दिवस सगळे कौतुकानं डोकावून गेले. मग पाऊस लागला. पाला कोणी टाकेना, पाणी मात्र देव टाकत होता. पिंपाला वास सुटला, आणि एका सकाळी झाकणाच्या कडेनं पांढऱ्या, गलेलठ्ठ अळ्या रांगेनं बाहेर निघाल्या.

विशेष सर्वसाधारण सभा भरली. गणसंख्या पहिल्याच मिनिटाला पूर्ण, हे सोसायटीच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. एकानं फिनेल सुचवलं, एकानं मीठ, एकानं गोमूत्र. चौथ्या मजल्यावर विज्ञान शिकवणाऱ्या बाई आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, कचरा भराभर खातात. चांगल्या आहेत."

"चांगल्या असतील तर तुमच्या गॅलरीत ठेवा," दोनशे चारच्या काकू.

बाईंनी पुन्हा समजावलं की ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली की वास येतो. मूठभर सालींवर दोन मुठी सुका पाला किंवा लाकडाचा भुसा हवा. दोन दिवसांनी काठीनं ढवळायला हवं. पिंपावर पत्रा हवा. सगळ्यांना पटलं. ढवळायचं कोणी, हा एकच मुद्दा राहिला. मजल्यामजल्यानं पाळी लावायचं ठरलं आणि तक्ताही झाला. तक्ता अजून आहे, फार सुंदर अक्षर आहे. ढवळतात ते रेल्वेतून निवृत्त झालेले एकटे आजोबा, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात हॉकीची मोडकी स्टिक घेऊन. कोणी विचारलं तर सांगतात, "घरात बसून टीव्हीवर यापेक्षा वाईट बघायला लागतं."

दोनेक महिन्यांनी पिंपाच्या तळातून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. वास नाही, चिकटपणा नाही. ही बातमी जिन्यातून कशी फिरली कोण जाणे, पण संध्याकाळी पिंपाशी रांग लागली. ज्यांनी आजवर एक साल टाकली नव्हती ते सगळ्यात मोठे डबे घेऊन आले. आजोबांना एक थाळीभर तरी जास्त द्यावं असं मी सुचवलं, तर सेक्रेटरींनी सहकारी तत्त्वानुसार प्रतिफ्लॅट समान वाटपाचा नियम दाखवला. दोन भाडेकरूंना खत द्यायचं की त्यांच्या घरमालकांना, यावर वाद होऊन ते अर्धा किलो खत अजून ऑफिसच्या कपाटात सीलबंद आहे.

एक मत मात्र बदलत नाही. "आपण कितीही वेगळं केलं तरी शेवटी गाडीत सगळं एकच करतात." हे वाक्य मी डोंबिवलीत ऐकलंय, पुण्यात ऐकलंय, ठाण्यात ऐकलंय. कुठे कुठे ते खरंही असेल. पण जो माणूस हे सांगतो, त्यानं गाडीत डोकावून पाहिलंय असं मला आजवर आढळलेलं नाही. घंटागाडी येते तेव्हा तो झोपलेला असतो.

आता २०२६चे नवे नियम आलेत. १ एप्रिलपासून लागू, ही तारीख ऐकून निम्म्या सभासदांना कोणीतरी थट्टा करतंय असं वाटलं. आमच्या दोनाचे आता चार झालेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि चौथा विशेष काळजीचा, म्हणजे रंगाचे डबे, बल्ब, संपलेली औषधं वगैरे. सेक्रेटरींनी सभेत परिपत्रक वाचून दाखवलं आणि घसा साफ करून म्हणाले की प्रत्येक फ्लॅटला आणखी दोन बादल्या द्याव्या लागतील, खर्च सिंकिंग फंडातून. मला वाटलं आता रणकंदन. पण मे महिना तोंडावर होता, टँकरची बोलणी चालू होती. ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक दोनशे चार, अनुमोदक तीनशे दोन. या दोघांचं एकमत झालेला हा पहिलाच ठराव.

फक्त एक दुरुस्ती आली, तीही टाळ्यांच्या गजरात मान्य झाली. या वेळच्या बादल्या घट्ट झाकणाच्या असाव्यात. उघड्या बादलीत पाण्यात कचरा पडतो.